वर्षाला 3 रुपयांचा झोपडी कर: तेवढ्यासाठी माणूस मळ्यावर का गेला?

दुर्बीण
'झोपडी करामुळे आफ्रिकेतल्या शेतकऱ्याचा मजूर झाला' हे वाक्य ब्रिटिश वसाहतींबद्दल वाचताना सगळीकडे भेटतं. आकडा बघितला तर केनियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका झोपडीमागे वर्षाला 3 रुपये (तिथे 1920 पर्यंत रुपयाच चालत होता). ज्याच्या घरी शेळ्या आहेत, धान्य आहे, त्याने एवढ्यासाठी गोऱ्यांच्या मळ्यावर राबायला का जावं? एखादी शेळी विकून मोकळं व्हायचं. कराचं महत्त्व फुगवून सांगतात का?

जुनी_पाने
फुगवून नाही, अर्धवट सांगतात. 3 रुपये लहान वाटतात कारण आपण ते वर्षावर पसरवून बघतो. मजुरीशी ताडून बघा. पहिल्या महायुद्धाआधी मळ्यावर महिन्याला साधारण 4-5 रुपये मिळत, म्हणजे एका झोपडीचा कर सुमारे तीन आठवड्यांची मजुरी. त्यात किकुयु (केनियातला एक मोठा समाज) घरात प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी. दोन बायका असल्या की 6 रुपये, म्हणजे सव्वा-दीड महिना. पुढे 1910 मध्ये ज्यांची स्वतःची झोपडी नाही अशा तरुणांवर डोईपट्टी (माणशी कर) बसवली. मळेवाल्यांना हवे होते ते नेमके हेच बिनलग्नाचे गडी.

आता शेळीचं. शेळी विकायला रोख नाणं हातात असलेला गिऱ्हाईक लागतो. कराची मुदत आली की सगळे एकदम विकायला काढणार, भाव पडणार. आफ्रिकी लोकांसाठी ठेवलेल्या राखीव प्रदेशांतल्या गुरांवर रोगाच्या कारणाने क्वारंटाइन लादलेलं असे, त्यामुळे ती बाहेर नेऊन विकताही येत नसत. कॉफी लावावी, तर आफ्रिकी शेतकऱ्याला 1930 च्या दशकापर्यंत व्यवहारात तिची बंदीच होती. चांगली जमीन 1902 आणि 1915 च्या क्राउन लँड्स (सरकारी जमिनींच्या) कायद्यांखाली गोऱ्यांकडे गेलेली, 1915 नंतर तर 999 वर्षांच्या पट्ट्याने. नाणं मिळवायच्या वाटा अशा एकेक करून बुजवल्या आणि मळ्याची तेवढी उघडी ठेवली. एकट्या कराला हे जमलं नसतं.

मोजपट्टी
याचा पडताळा शेजारीच मिळतो. बुगांडा (आजच्या युगांडाचा भाग) इथल्या 1900 च्या करारात झोपडीमागे 3 रुपयेच होते (बंदुकीवरही 3). पण तिथे 1903-04 पासून शेतकरी आपल्याच तुकड्यावर कापूस लावू लागला, तो विकून कर भरू लागला, आणि गोऱ्यांचे मळे कधी फारसे मूळ धरू शकले नाहीत. कर तोच, परिणाम वेगळा. म्हणून निबंध वगैरे लिहीत असाल तर कराच्या दराआधी हे तपासा: त्या जिल्ह्यात विकण्याजोगं पीक लावायची मुभा होती का, आणि बाजारापर्यंत वाट होती का.

हेतू लपवलेलाही नव्हता. न्यासालँडमध्ये (आजचा मलावी) 1901 पासून कर 6 शिलिंग, पण वर्षात महिनाभर युरोपियनाकडे काम केल्याचा दाखला आणला की 3. केप वसाहतीत (आजच्या दक्षिण आफ्रिकेत) तिथला पंतप्रधान सेसिल ऱ्होड्सने 1894 च्या ग्लेन ग्रे कायद्यात घराबाहेर तीन महिने मजुरी न करणाऱ्या पुरुषावर 10 शिलिंग ठेवले होते. ते फारसे वसूल झालेच नाहीत आणि 1905 मध्ये ती तरतूद काढून टाकली. कागदावरचा प्रत्येक कर चालला असं धरून चालू नका.

कर्कवृत्त
वसुलीची बाजू कुणी सांगितली नाही. अधिकारी छपरं मोजत. मग लोक काय करणार? दोन घरांची माणसं एका झोपडीत दाटीवाटीने राहू लागली, मोजणीची खबर आली की रानात जाऊ लागली. झोपडीऐवजी डोकी मोजायकडे सरकार वळलं त्याचं हेही एक कारण. थकबाकी राहिली की जनावरं ओढून नेत, झोपड्याही जाळत.

सिएरा लिओनमध्ये तर पैशांइतकाच मालकीचा प्रश्न होता. 1896 मध्ये आतला मुलूख 'संरक्षित' जाहीर झाला आणि 1898 च्या सुरुवातीपासून गव्हर्नर कार्ड्यूने घरामागे 5 शिलिंग लावले. टेम्ने लोकांचं म्हणणं सरळ होतं: स्वतःच्या घराचे पैसे दुसऱ्याला द्यायचे म्हणजे आपण त्याचे भाडेकरू. त्यांचा सरदार बाई बुरेह (हे पुरुषाचं नाव) उत्तरेत महिनोन्‌महिने लढला, दक्षिणेत मेंडे लोक उठले. चौकशीला पाठवलेल्या डेव्हिड चामर्सने कर रद्द करा असं सुचवलं, पण लंडनमध्ये वसाहतमंत्री चेंबरलेनने कार्ड्यूची बाजू घेतली. कर राहिला, बाई बुरेह गोल्ड कोस्टला (आजचा घाना) हद्दपार झाला.

(जर्मन सत्तेविरुद्धचा 'माजी माजी' नावाचा उठाव काही जण सरसकट याच रकान्यात टाकतात. जर्मन पूर्व आफ्रिकेत झोपडी कर होता खरा, पण 1905 मध्ये मातुंबी टेकड्यांत लोकांनी आधी उपटली ती सक्तीच्या कापसाची रोपं.)

दुर्बीण
बुगांडाची तुलना पटली. म्हणजे दर वाढवण्यापेक्षा वाटा बंद करणं जास्त परिणामकारक होतं?

जुनी_पाने
केनियात दोन्ही केलं. 1919-20 पासून 16 वर्षांवरच्या आफ्रिकी पुरुषाला बोटांचे ठसे असलेला किपांडे (ओळखपत्र) गळ्यात डबीत घालून फिरावं लागे. त्यावर मालक पगार नोंदवी आणि सोडल्याची सही करी. सही नसेल तर दुसरीकडे काम नाही, आणि काम टाकून पळाल्यास शोधणं सोपं. त्याच सुमारास कर 16 शिलिंगांवर नेला (रुपया जाऊन आता शिलिंग आलं होतं), आणि 1921 मध्ये मळेवाल्यांनी मजुरी एक तृतीयांशाने कापायचं ठरवलं. किकुयु नेता हॅरी थुकूची चळवळ यातूनच उभी राहिली. मार्च 1922 मध्ये त्याला अटक झाली, नैरोबीत जमावावर गोळीबार होऊन 20 हून अधिक माणसं मेली.

त्यानंतर कर 12 शिलिंगांवर आणला. किपांडेला मात्र 1947 पर्यंत हात लावला नाही. दोन्हींपैकी सरकारला कशाची गरज जास्त वाटत होती ते यावरून दिसतं.