चिमूर १९४२: आजोबांच्या शिक्षेची नोंद कुठं सापडेल?

मंडळी, मदत हवी आहे. 'चले जाव' चळवळीतल्या १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर उठावानंतर आमच्या आजोबांना शिक्षा झाली. पुरावा एकच, स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारनं दिलेला १९७२ चा ताम्रपट; तोही आजीनं चिंचेनं घासघासून अक्षरं पुसट केलेला. तुकडोजी महाराजांना त्याच साली नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं, पण आजोबा कुठं होते, घरात कोणालाच ठाऊक नाही. सरकारी कचेरीत दोनदा जाऊन आलो. 'एवढं जुनं रेकॉर्ड नाही' म्हणतात. चिमूर तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात, प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून नागपूरच्या पुराभिलेखागारात (जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथं) पाहावं म्हणतो. पेन्शनसाठी नाही, शाळेच्या फलकावर नाव लावायचं आहे. धानकापणी सुरू आहे, एकच चक्कर जमेल. तिथं अर्ज कसा करायचा, आणि नाव-गावावरून नोंद सापडते की खटल्याचा नंबरच लागतो?