एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा कंट्रोलरमधला भाग) पिनवर २० किलोहर्ट्झचा सिग्नल पडतोय, कारण सापडेना

रबाळे_लोकल:
मंडळी, रबाळे एमआयडीसीत कामाला आहे, मशीनचं व्हायब्रेशन बघायला बोर्ड बनवलाय. सेन्सर ५ व्होल्टपर्यंत जातो आणि कंट्रोलर ३.३ चा म्हणून २० के-२० के (किलोओहम) रेझिस्टरचा, व्होल्टेज निम्मं करणारा डिव्हायडर लावला, आणि नॉइजसाठी पिनवरून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर (कॅप). जनरेटरने २ व्होल्ट दिले की १ किलोहर्ट्झला बरोब्बर १ येतो पण २० किलोहर्ट्झला ०.६२ च. सॅम्पलिंग सेकंदाला २०० के, म्हणजे दोन लाख वेळा आहे. सिरीजला रेझिस्टरच नाहीये मग फिल्टर झाला कुठून? त्यात पिनला स्कोपचा १एक्स प्रोब लावला की अजून पडतं, डोकं फिरलंय.

सोल्डरचा_धूर:
नाही कसा, डिव्हायडर आहे की! पिनकडून बघ, दोन्ही २० के पॅरलल दिसतात, झाले १० के. त्यावर १ नॅनो, कटऑफ, म्हणजे जिथून सिग्नल पडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, १५.९ किलोहर्ट्झ. ०.६२ च यायला पाहिजे, बोर्ड बिचारा खरं बोलतोय. १एक्स प्रोब वर शंभरेक पिको घालतो, १०एक्सला टाक.

रबाळे_लोकल:
अरे देवा. मग कॅप काढूनच टाकू?

वागळे_इस्टेटवाला:
थांबा, नका काढू. एडीसीच्या आतला सॅम्पलिंग कॅप दर सॅम्पलला पिनमधून चार्ज ओढतो, १२ बिटला नीट बसायला ९ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कॅप इतका वेळ) लागतात आणि १० के मधून तो रडतखडत भरतो, बाहेरचा १ नॅनो म्हणजे त्याची पाण्याची टाकी समजा. शिवाय १०० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या, वरचा कचरा खाली येऊन मिसळतो तो वेगळाच. डिव्हायडरनंतर ऑपॅम्प बफर (तेच व्होल्टेज जोर लावून पुढे देणारी चिप), मग १ के आणि तोच १ नॅनो, कटऑफ १५९ किलोहर्ट्झ, २० ला एक टक्कासुद्धा जात नाही. फक्त ड्रॉवरमधला एलएम३५८ ऑपॅम्प लावू नका, ३.३ सप्लायवर वरचा साधारण दीड व्होल्ट तो देतच नाही, आम्ही हा घोळ करून अख्खा लॉट परत उघडलाय.

सोल्डरचा_धूर:
तोपर्यंत जुगाड, वरच्या २० के ला पॅरलल अजून एक १ नॅनो लाव, १०एक्स प्रोबमध्ये हेच असतं. पण मग फिल्टर गेला समज.

रबाळे_लोकल:
लावला, ०.९७ आलं!! शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एमसीपी६००२ ऑपॅम्प आणतो, चालेल ना?

वागळे_इस्टेटवाला:
चालेल, रेल टू रेल आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण सप्लायपर्यंत आउटपुट देतो. १ के मात्र विसरू नका, १ नॅनो थेट आउटपुटवर टांगलात तर रिंगिंग करेल, आउटपुट थरथरेल.