कॅथेटर असूनही गादी ओली, वर पातळ संडास. नळी मोठी घालावी का?

मंदार_सांगली: वडील ७४ वर्षांचे. पॅरालिसिसनंतर उजवी बाजू गेली, घरीच पलंगावर आहेत. लघवीला १६ नंबरची नळी आहे, तरी नळीच्या कडेने गळून गादी ओली होते. परवापासून पातळ संडासही लागलीय, पण चमचा-दोन चमचे, दिवसभर थोडी थोडी. मेडिकलवाल्याने जुलाब थांबायची गोळी दिली. रात्रीच्या मावशी म्हणतात, मोठ्या नंबरची नळी घालून घ्या. काय करू?

निवृत्तसिस्टर: गोळी देऊ नकोस अजून. हे पातळ सुरू व्हायच्या आधी नीट, भरपूर अशी संडास कधी झाली होती ते मावशींना विचार.

मंदार_सांगली: आठवडा झाला असेल, मधे मावशी बदलल्या. पोट खालच्या बाजूला टणक लागतंय. इसबगोल रोज देतोय, पाणी मात्र ते जेमतेम पितात.

निवृत्तसिस्टर: मग हा बहुतेक जुलाब नाहीच. खाली घट्ट संडासचा खडा अडकलाय आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतंय. गोळीने खडा आणखी घट्ट होईल. पुरेसं पाणी नसेल तर इसबगोलचाही आत लगदा बसतो, सध्या बंद ठेव. तोच खडा मूत्राशयावर दाबतो, म्हणून लघवी कडेने येते. मेल वॉर्डात अशी गळती दिसली की आम्ही आधी पोट कधी साफ झालं ते विचारायचो, नळीच्या नंबरकडे नंतर बघायचो. मोठ्या नळीने मूत्राशय उलट जास्त आवळतं.

आजच डॉक्टरांना बोलाव, बोटाने तपासू दे. एनिमा द्यायचा की सपोझिटरी (संडासच्या जागी ठेवायची गोळी) ते ठरवतील. घरी कुणी बोट घालून काढायला जाऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव होतो, आणि हृदय अधू असेल तर नाडी एकदम मंदावू शकते.

तोवर नळी बघ. मांडीखाली दबलीय का, पीळ पडलाय का? कूस बदलताना बॅग पलंगावर ठेवतात आणि तिथेच विसरतात. बॅग मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. थंडी वाजून ताप आला, एकाएकी बरळायला लागले, किंवा बॅगेत काहीच न येता ओटीपोट फुगलं तर फोरमवर विचारत बसू नकोस, थेट दवाखाना.

अवंती: आमच्या आजी अशा वेळी एरंडेल द्यायच्या. आणि नळीभोवती डेटॉल लावायचं का?

निवृत्तसिस्टर: एरंडेल नको गं. खालचं दार बंद असताना वरून ढकललं की कळा आणि उलट्या. डेटॉलही नको, त्वचा सोलते. साधा साबण, पाणी, रोज. पुढची कातडी मागे करून धुतलीत तर आठवणीने पुन्हा पुढे घ्या. राहिली तर सुजते आणि मग वेगळाच घोळ.

मंदार, बसवायला परवानगी असेल तर सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासाने कमोड खुर्चीवर बसव. पोटात काही गेलं की आतडं हलतं, ती वेळ वाया घालवायची नाही. पायाखाली पाट, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. उजवीकडून आधार दे. आणि सूनबाईंना बाहेर जायला सांग, दार लोट. ही जुनी माणसं सुनेसमोर बसत नाहीत, दाबून धरतात.

मंदार_सांगली: खडाच निघाला! डॉक्टरांनी सिस्टर पाठवून एनिमा दिला. गळती बरीच कमी झाली, पूर्ण नाही. नळी डिस्चार्जपासून तीच आहे, महिना होऊन गेला.

निवृत्तसिस्टर: साध्या लेटेक्सची असेल तर बदलायची वेळ झालीय. पूर्ण सिलिकॉनची जास्त दिवस चालते, पॅकेटवर लिहिलेलं असतं. पण बदलायच्या आधी डॉक्टरांना विचार, नळीची गरज अजून आहे का? कितीतरी पेशंटना केवळ कुणी विचारलं नाही म्हणून ती राहते.