टाटा 2518, कमिन्स 6बीटी: बेल हाउसिंगखालून ऑइल गळतंय, गिअरबॉक्स उतरवायचा का?

कांदागाडी_नाशिक

नमस्कार मंडळी. गाडी टाटा 2518, इंजिन कमिन्स 6बीटी 5.9, मेकॅनिकल पंपवालं. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लच झाकणारं घर) खालच्या भोकातून इंजिन ऑइल टपकतंय. रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. भरलेली गाडी कसारा घाट चढून आली की क्रॉस मेंबरपासून मागं सगळं चिकट झालेलं असतं. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतं. क्लच अजून स्लिप होत नाही.

गॅरेजवाले म्हणतात मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं) गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. सीलच्या किमतीचं काही नाही, पण मजुरी आणि ऐन हंगामात गाडी उभी राहणं परवडत नाही. सीलच गेलंय याची खात्री कशी करायची? आणि बदलायचंच झालं तर पुन्हा गळू नये म्हणून काय बघायचं?

डिझेल_फिटर

दादा, गिअरबॉक्सला एवढ्यात हात लावू देऊ नका. बेल हाउसिंग ही इंजिनची सगळ्यात मागची आणि खालची जागा. वर किंवा पुढं कुठंही गळालं तरी पंख्याचा वारा आणि चढ मिळून ऑइल तिथंच आणून सोडतात.

आधी ते ऑइल कुठलं आहे ते बघा. टपकणारा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं. गिअर ऑइल घट्ट, तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तसा वास आला तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा, क्रँक सीलचा नाही. डिझेलचा वास आला तर रिटर्न पाइप आणि पंप बघा. गेजवर ऑइलची पातळी न टाकता वाढत असेल तर गाडी चालवूच नका, डिझेल आत उतरतंय.

मग इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डीग्रीझर लावून ब्रशने पूर्ण धुवा आणि हवेने सुकवा. गरम इंजेक्शन पंपावर थंड पाण्याचा प्रेशर मारू नका, आतला प्लंजर अडकू शकतो. सुकल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंका आणि लोड देऊन अर्धा तास चालवा. पावडरवर ओली रेघ उठते. ती रेघ वर जिथून सुरू होते तिथं गळती आहे. खाली कितीही ओलं असलं तरी निकाल सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या ओल्या जागेवरूनच द्यायचा.

6बीटीत या जागा आरसा आणि टॉर्च घेऊन बघा: हेडवरची सहा सुटी कव्हरं, टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप आणि त्याचा रबरी होज, फिल्टर हेड आणि ऑइल कूलरचं पॅकिंग, एअर कंप्रेसर जिथं गिअर हाउसिंगला बसतो तो सांधा, चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचे, मागचे दोन कोपरे. आणि सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे डाव्या बाजूचं, इंजेक्शन पंपाच्या मागं लपलेलं पुशरॉडचं साइड कव्हर. पंप आणि पाइपांमुळे ते दिसत नाही. त्याचं पॅकिंग कडक झालं की ऑइल ब्लॉकच्या कडेने सरकत थेट बेल हाउसिंगवर येतं आणि हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं.

शेवटी बेल हाउसिंगच्या आत डोकवा. आत कोरडं आणि बाहेरच ओलं असेल तर गळती वरून येतेय. फ्लायव्हीलच्या मागून ऑइल फेकल्याच्या रेघा आतल्या भिंतीवर असतील तर मात्र सील.

घाटमाथा

वरच्या उत्तराशी सहमत, पण एक तपासणी त्याच्याही आधी करा: बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबरमध्ये साचणारा दाब. घाटात जास्त गळतं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. लोडवर पिस्टन रिंगांतून गॅस चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरमधून (हा दाब बाहेर सोडणारा पाइप) बाहेर पडायला जागा नसली की तोच दाब सीलमधून ऑइल ढकलतो. अशा इंजिनात नवीन सील टाकलं तरी तेही लवकरच गळायला लागतं.

ब्रीदर पाइप काढून आत गाळ साचलाय का, पाइप कुठं दबलाय का, ते बघा. मग गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं टेकवा. हलकी वाफ चालते. झाकण थडथडत उडत असेल किंवा धूर भकाभका येत असेल तर दाब जास्त आहे.

तरीही लगेच इंजिन बोअरला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, काढू नका. कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या तरी हवा चेंबरमध्येच येते. ब्रेकच्या हवेच्या टाक्या पूर्ण भरून अनलोडर (कंप्रेसरचं हवा भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह) सुटल्यावर धूर कमी झाला आणि टाक्या रिकाम्या असताना, म्हणजे कंप्रेसर हवा भरत असताना, वाढला तर संशय कंप्रेसरवर. टर्बोचं सील गेलं तरी त्याच्या रिटर्न पाइपातून दाब खाली येतो.

ऑइल गेजच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका. गळतं म्हणून आधीच दोन लिटर जास्त ओतायची सवय सगळीकडे आहे, त्याने क्रँक ऑइल घुसळतो आणि गळती वाढते.

मशीनशॉप_पुणे

सील बदलायचंच ठरलं तर बसवण्याबद्दल लिहितो, कारण नवं सील आठवड्यात गळतं ते बहुतेक वेळा बसवताना चुकल्यामुळे.

या इंजिनाच्या सीलची ओठी, म्हणजे क्रँकला टेकणारी कड, टेफ्लॉनची असते आणि ती कोरडीच बसवायची. सील म्हटलं की बोटाने ऑइल किंवा ग्रीस लावायचा हात सगळ्यांनाच बसलेला आहे, तो इथं आवरायचा. टेफ्लॉनचा पातळ थर क्रँकवर चढतो आणि त्यावरच सील धरतं. ऑइल असलं की तो थर बसत नाही. क्रँकचा भाग स्वच्छ फडक्याने पुसून पूर्ण सुकवा, ओठीला बोट लावू नका.

जुनं सील काढताना त्याच्या पत्र्याला समोरासमोर दोन 3 मिमीची भोकं पाडून स्क्रू लावा आणि स्लाइड हॅमरने ओढा. स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटलं तर क्रँकवर ओरखडा येतो आणि मग कुठलंच सील टिकत नाही. क्रँकवर नख फिरवा. जुन्या सीलची खाच नखाला लागली तर वेअर स्लीव्हचं (झिजलेल्या जागेवर चढवायची पातळ बाही) किट घ्या, पॉलिश पेपरने खाच जात नाही.

नव्या सीलसोबत प्लास्टिकचा पायलट येतो, तो फेकू नका. तो क्रँकवर ठेवून त्यावरून सील सरकवा, मग पायलट काढा. बाहेरची कड रबरी असेल तर तिला फक्त साबणाचं पाणी. ठोकताना किटमधलं टूल लावून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं फिरवत थोडं थोडं आत न्या. सीलचं हाउसिंग काढलं असेल तर ते क्रँकशी मध्यावर जुळवूनच त्याचे बोल्ट 9 न्यूटन-मीटरला आवळा.

फ्लायव्हील उतरलंच आहे तर कॅमशाफ्टचा मागचा प्लगही ओला आहे का बघून घ्या. फ्लायव्हीलचे बोल्ट 137 न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच.

कांदागाडी_नाशिक

खूप आभार. पावडर मारून बघितलं. ओली रेघ डाव्या बाजूला पंपामागून सुरू होऊन मागं जातेय, बेल हाउसिंग आतून कोरडं आहे. ब्रीदर पाइप अर्धा गाळाने भरलेला होता, तो साफ केला. झाकण आता उडत नाही. साइड कव्हरचे बोल्ट नुसते आवळून भागेल का?

डिझेल_फिटर

नाही. आवळल्याने पातळ पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी वाकतं आणि दोन बोल्टांच्या मधे जास्त उघडतं. पॅकिंग बदलाच, सोबत बोल्टखालचे सील वॉशरही.

डिझेल फिल्टर आणि आड येणारे पाइप काढून जागा होते का बघा. नसेल होत तर पंप उतरवावा लागेल. तेव्हा 1 नंबर सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून टायमिंग पिन बसवा, पंपाच्या फ्लँजवर खूण करा. पिन फक्त जागा दाखवायला आहे. तिच्यावर जोर देऊन गिअरचा नट सोडू किंवा आवळू नका, तुटते. इंजिन फिरवण्याआधी ती परत बाहेर ओढलीय याची खात्री करा.

कव्हर सपाट पाटावर ठेवून बोल्टांच्या भोकांभोवतीचे फुगवटे हलक्या हातोडीने बसवा. ब्लॉकचा काठ खरवडताना आत चिंधी कोंबा, जुन्या पॅकिंगचे तुकडे टॅपेटवर पडता कामा नयेत. खालच्या कडेला ऑइल पुन्हा पुन्हा ओघळतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडं झाल्यावरच पॅकिंग लावा. सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ फिल्म. जाड लावलं की आत पिळून निघतं, सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत, 24 न्यूटन-मीटर. सिलिकॉन वापरलं असेल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत इंजिन चालू करू नका.

मशीनशॉप_पुणे

एक जोड. पुढं कधी गिअर कव्हर उघडलं तर जुन्या 12 व्हॉल्व्ह 6बीटीत गिअर हाउसिंगची डॉवेल पिन (हाउसिंग जागेवर जुळवणारी छोटी पिन) बघायला विसरू नका. ती सैल होऊन गिअरमध्ये पडते आणि हाउसिंग फोडते. भोकाची कड पंचने दाबून पिन आतच कैद करा, किंवा शेजारच्या बोल्टखाली पट्टी लावून तोंड अडवा. पुढचं सीलही तिथंच असतं. तेही टेफ्लॉनचंच, म्हणजे कोरडंच बसवायचं.