बफर मशीनने पहिल्यांदाच वॅक्स केलं, बॉनेटवर रेषा उमटल्या. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी नऊ वर्षांची, गडद निळी. वडिलांनी हौसेने घेतलेली, आता मी चालवतो. आजवर वॅक्स हातानेच लावायचो. खांदा दुखावल्यामुळे या वेळी मित्राकडून बफर मशीन आणलं.

गाडी धुऊन सावलीत कोरडी केली. मशीनसोबत आलेलं लोकरीचं पॅड चढवलं, त्यावर लिक्विड वॅक्स घेतलं आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात मध्यम वेगाने फिरवलं. मशीन एका बाजूला ओढत होतं, आवरायला जड गेलं. दिवसा चकाकी सुरेख वाटली. रात्री दिव्याखाली पाहिलं तर कमानदार रेषा, आणि आपण सरकलो की त्याही सरकतात! तिथेच थांबलो.

रंग जळला का? या रेषा निघतील का? बाकीची गाडी याच मशीनने करू का? या गाडीत जीव अडकलाय, म्हणून विचारल्याशिवाय पुढे हात लावणार नाही.

प्रतिसाद
आधी दोन गोष्टी सांगा. पॅड जागच्या जागी एकाच दिशेने गरगरतं, की फिरताना डुलतंही? आणि पॅडवर निळा रंग उतरलाय का?

धागाकर्ता
एकाच दिशेने गरगरतं. निळं काही नाही, पांढरट वॅक्स तेवढं.

प्रतिसाद
मग हे रोटरी मशीन. पॅडला निळा लागला नाही, म्हणजे रंगावरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) बहुधा शाबूत आहे. तो थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. रोटरी एका जागी रेंगाळलं की तिथे उष्णता साठते आणि थर जातो. कडांवर आणि पत्र्याच्या उठावांवर तर तो आणखी पातळ, तिथे रोटरी नेऊच नका.

रेषा लोकरीमुळे आल्या. लोकरीचं पॅड कंपाउंडने (जाडसर घासणाऱ्या पेस्टने) खोल ओरखडे घासून काढायला वापरतात, वॅक्सला नाही. आता वरून कितीही वॅक्स लावलंत तरी रेषा तात्पुरत्या झाकल्या जातील, वॅक्स उतरलं की परत दिसतील. त्यांना बारीक पॉलिश आणि मऊ फोमचं पॅड लागेल, तेही ड्युअल ॲक्शन मशीनवर, म्हणजे ज्याचं पॅड फिरताना डुलतंही.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत. ड्युअल ॲक्शन मिळालं तर वॅक्ससाठी सगळ्यात मऊ फोम आणि सगळ्यात कमी वेग, सहापैकी एक किंवा दोन. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण दाबा, नाहीतर वॅक्स चौफेर उडतं. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, आधी आडवं, मग उभं. दाबू नका, मशीनचं वजन पुरे. जास्त दाबलं तर पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, फिरतंय की नाही लगेच कळतं. वायर खांद्यावरून मागे टाका, ती पत्र्यावर घासली तरी ओरखडे पडतात.

काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप. तिथे बसलेला वॅक्सचा पांढरा डाग काढताना नाकी नऊ येतात. आणि पॅड जमिनीवर पडलं तर झटकून परत वापरू नका, एक खडा पुरतो.

प्रतिसाद
बाटली तपासा. क्लीनर वॅक्स असेल तर त्यातही बारीक घासणारे कण असतात.

धागाकर्ता
बाटलीवर क्लीनर वॅक्सच लिहिलंय! लोकर आणि हे दोन्ही एकत्र आलं, आता उलगडा झाला. मशीन परत करतो. ड्युअल ॲक्शन भाड्याने मिळतंय, मऊ फोमही आणतो. पॉलिश आधी त्या कोपऱ्यातच करून रात्री दिव्याखाली बघेन, मग इथे फोटो टाकतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक राहिलं : वॅक्स वाळलं हे नेमकं कसं ओळखायचं?

प्रतिसाद
बोट हलकं फिरवा. खाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायला घ्या, चिकट फरफटलं तर अजून थांबा. पुसायला मायक्रोफायबर, आणि मध्येमध्ये घडी बदलत राहा.