प्रति: रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कसं?

ताई, रिपोर्ट नॉर्मल आल्यावर घरचे 'मनाचे खेळ' म्हणाले आणि तेव्हापासून तुम्ही दुखतंय हे सांगणंच सोडलंत, हे वाचून गलबलून आलं. मलाही फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार आहे, नववं वर्ष. यात रक्ततपासणी, एक्स-रे स्वच्छच येतात. मज्जासंस्थाच वेदना वाढवून ऐकते. दुखणं खरं असतं.

एका पावसाळ्यात कर्नाटकातल्या खानापुरात मी महिनाभर अंथरूण धरलं होतं. दुखण्यापेक्षा अपराधीपणानं जास्त छळलं: सासूबाई भाकऱ्या थापतायत आणि मी पडून. डॉक्टर कन्नड बोलणारे. माझं कन्नड बाजारापुरतं. ठणका, कळ, चमक, आग यांतला फरक त्यात कसा सांगणार? 'तुंब नोवु' (खूप दुखतंय) एवढंच जमायचं. रात्र रात्र रडते, हे तर मराठीतही कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या भाचीला सोबत नेलं, सगळं आधी कागदावर लिहून. त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांनी झोपेबद्दल, मनाबद्दल विचारलं.

ड्युलोक्सेटिन दिलं, तर 'ही नैराश्याची गोळी' म्हणून मी आठवडाभर हातही लावला नाही. ती वेदनेवरही चालते, हे नंतर कळलं. गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं बंद करायची नसते.

जगणं नको वाटलं तर, ताई, सकाळची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका तरी माणसाला आजच सांगा. कुणाला सांगता येईल, ते लिहाल का?