पॅरिश कौन्सिल विचारतंय, गावात किती घरं हवीत. काय लिहू?

लगकाठची:

इंग्लंडमध्ये खेड्यात राहणाऱ्या मंडळींसाठी प्रश्न आहे. लांबलचक झालाय, चहा घेऊन बसा.

आम्ही हेरेफर्डशरमध्ये, लग नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात राहतो. नवऱ्याची नोकरी हेरेफर्डला. मी केअरर आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघते. गाव म्हणजे चर्च, पब, दोन-दोन इयत्ता एका वर्गात बसवणारी शाळा आणि आठवड्यातून एकदा उगवणारी बस. दुकान होतं, ते बंद पडलं.

परवा पॅरिश कौन्सिलची प्रश्नावली दारातून आत पडली. (पॅरिश म्हणजे ढोबळमानाने आपली ग्रामपंचायत समजा, फक्त अधिकार आणखी कमी. बांधकामाला परवानगी काउंटीचं कौन्सिल देतं, पॅरिशने नुसतं मत कळवायचं.) नेबरहुड प्लॅन (गावात कुठे, काय बांधायचं याचा गावानेच केलेला आराखडा) करायचा घाट आहे, म्हणून विचारलंय: येत्या वीस वर्षांत किती घरं चालतील? शून्य, दहापर्यंत, तीसपर्यंत, की त्याहून जास्त? एकत्र वसाहत हवी की तीन-चार घरं इथे-तिथे विखुरलेली? गावातलं सगळ्यात काय आवडतं? त्याला चौकटी आहेत: शांतता, टेकड्यांचा देखावा, रात्रीचा अंधार, शेजारपाजार. मी शेजारपाजारवर खूण केली आणि पुढे अडले.

अडण्याचं कारण, याच सुमारास गावाच्या टोकाच्या शेतासाठी एका बिल्डरचा अर्जही आलाय. कुंपणाला पिवळा कागद लागला आणि गाव पेटलं. इथे २०१९ पासून सांडपाण्यातून नदीत जाणाऱ्या फॉस्फेटपायी नव्या घरांच्या परवानग्या अडकून होत्या. आता फॉस्फेट शोषून घेणारी पाणथळ जागा तयार करून तिची क्रेडिटं (भरपाईचे हक्क) बिल्डरला विकतात, त्यामुळे अर्ज पुन्हा सुरू झालेत. शेजारचे काका (सत्तरीचे, भला माणूस, आमची कचऱ्याची बिनं न सांगता बाहेर काढणारे) हरकतीचं छापील पत्र घेऊन दारात उभे. म्हणे फक्त नाव लिही आणि सही कर. वाचून देते म्हटलं, ते पत्र अजून फ्रिजवर आहे.

आता माझ्या कामातलं एक सांगते. माझ्याकडे एक बाई आहेत, चौऱ्याऐंशीच्या. जुन्या फार्महाउसमध्ये एकट्या. चार बेडरूम आहेत, पण जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली जेवणाच्या खोलीत आणलाय. उशाशी काचेचं कपाट, त्यात लग्नातल्या निळ्या बश्या. माझा धक्का लागला की बश्या किणकिणतात आणि बाई झोपेतून ओरडतात. वरची दारं बंद, फटींना कापडाच्या वळकट्या लावलेल्या. गॅसची लाइन गावात नाही. हीटिंगचं तेल मागवायचं तर पाचशे लिटरच्या खाली कुणी गाडी पाठवत नाही, म्हणून दोनच खोल्या तापवायच्या. बाईंना घर विकायचंय. चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर बैठं घर मिळालं तर उद्या निघते म्हणतात. तसं घर गावात नाही. हेरेफर्डला आहेत, पण तिथे बाईंना ओळखतंय कोण?

आणि हरकतीच्या पत्रावर पहिली सही याच बाईंची आहे. त्या शेतात त्यांचे यजमान सातू पेरायचे.

दुसरी बाजू माझ्या कामातल्या जोडीदारणीची. मुलगी इथलीच, आजी-आजोबा इथल्याच कबरस्तानात. इथे भाड्याने घर मिळेना म्हणून लेमस्टरहून गाडी मारत येते. लग फुगली की रस्ता बंद, मग सकाळी सातची भेट दहाला होते आणि तोवर कुणीतरी ओल्या कपड्यांत बसून असतं.

तर, आकडा काय लिहू? सही करू का? आणि आमचा पासपोर्ट भारतीय, इथे येऊन फार वर्षंही झाली नाहीत. आम्ही यात बोलायचं की गप्प बसायचं?

नकाशेवाला:

मी वेगळ्या काउंटीत प्लॅनिंग खात्यात आहे. तुमच्या त्या शेताबद्दल काही बोलणार नाही, बाकीचं सांगतो.

आधी शेवटचा प्रश्न, कारण तो सोपा आहे. बोला. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथल्या स्थानिक निवडणुकांत मतदान करू शकतात, व्हिसा कायदेशीर असला की झालं. मतदारयादीत नाव आहे ना, ते आजच बघा. नेबरहुड प्लॅन शेवटी सार्वमताला जातो आणि मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं की लागू होतो. २०११ च्या लोकलिझम कायद्याने हा अधिकार गावांना दिला. तुम्हाला आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळालेलं असेल तर पॅरिश कौन्सिलला उभंही राहता येतं. बऱ्याच गावांत जागा रिकाम्या असतात, लोक हातापाया पडून माणसं गोळा करतात.

आकडा. शून्यावर खूण म्हणजे वाया गेलेली खूण. काउंटीच्या आराखड्याने गावावर जेवढी घरं टाकलीत, त्याहून कमी नेबरहुड प्लॅनला ठरवता येत नाहीत. आणि काउंटीकडे पुढच्या पाच वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन दाखवायला नसेल, तर पारडं बिल्डरकडे झुकतं. अशा वेळी गावाला आडोसा मिळतो, पण प्लॅन पाच वर्षांच्या आतला असेल आणि त्यानेच आपल्या वाट्याच्या घरांसाठी जागा नेमून दिल्या असतील तरच. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय धोरणातला चौदावा परिच्छेद वाचा. 'घरं नकोत' एवढंच सांगणारा प्लॅन अशा वेळी कामाला येत नाही.

पण तुमच्या प्रश्नावलीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'एकत्र की विखुरलेली' हा प्रश्न, आणि लोक तोच डोळे झाकून भरतात. जवळपास सगळी गावं 'विखुरलेली' लिहितात. ऐकायला सोज्वळ आहे. पण दहापेक्षा कमी घरांच्या योजनेकडून सहसा अफोर्डेबल (बाजारभावापेक्षा स्वस्त) घरं मागताच येत नाहीत. सरकारने नेमलेल्या काही ग्रामीण भागांत ही मर्यादा पाचपर्यंत खाली आणायची मुभा आहे, तुमचा पॅरिश त्यात येतो का ते पॅरिशच्या क्लार्कला विचारा. येत नसेल तर तीन-तीन घरांच्या तुकड्यांत काय उभं राहतं ते मी रोज नकाशावर बघतो: चार-पाच बेडरूम, दुहेरी गॅरेज, फाटकाला रिमोट. बिल्डरला त्यातच पैसा. वीस वर्षांत अशी तीस घरं झाली तरी तुमच्या बाईंना बैठं घर नाही आणि जोडीदारणीला भाड्याचं नाही.

त्यामुळे आकड्याच्या चौकटीशेजारी मोकळी जागा असेल तिथे लिहा: कुणासाठी, किती खोल्यांची, भाड्याने की विकत. सहसा तिथे लोक कुत्र्यांच्या घाणीबद्दल लिहितात.

हरकतीच्या पत्राचं: तेच छापील पत्र शंभर जणांनी पाठवलं म्हणून त्यातल्या मुद्द्याला शंभरपट वजन येत नाही. देखावा जाईल, घराची किंमत पडेल, हे मुद्दे धरले जात नाहीत. वळणावर समोरची गाडी दिसत नाही, सांडपाणी, एखाद्याच्या खिडकीत थेट नजर जाणं, जुन्या नोंदलेल्या इमारती, पक्षी-वटवाघळं, हे धरले जातात.

मिल्टनकर:

तुम्हाला विचारतात तरी! आमच्याकडे सुट्टीवरून परत आलो की नवीन गोल चौक तयार असतो.

डेव्हनकर:

नकाशेवाले बरोबर सांगतायत, पण त्यांचा नकाशा जमिनीच्या वरचा आहे. खाली बघा. आमच्या गावात नवी वसाहत झाली आणि पहिल्याच जोरदार पावसात पबच्या मागचं मॅनहोल उसळलं. बिअर गार्डनमध्ये काय तरंगत होतं ते जेवणाच्या वेळेला वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही.

कारण असं, की १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री कायद्यातल्या कलम १०६ प्रमाणे नव्या घराला सांडपाण्याची लाइन जोडून घेण्याचा हक्कच आहे. पाइप आधीच भरून वाहतोय म्हणून कंपनीला सहसा नाही म्हणता येत नाही. म्हणजे जे काय अडवायचं ते परवानगीच्या वेळीच. पाऊस पडत असताना तुमच्या मॅनहोलचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. आणि सरसकट हरकत न घेता अट मागा: मलनिस्सारणाची क्षमता वाढल्याशिवाय एकाही घरात कुणी राहायला जाणार नाही. अशी अट घालता येते. 'आमचं गाव वाचवा' लिहिण्यापेक्षा हिचा उपयोग जास्त.

अफोर्डेबल या शब्दाला भुलू नका, हेही सांगून ठेवतो. त्यातला एक प्रकार बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाड्याचा असतो. आमच्याकडे बाजारभावच असा, की त्याच्या ८० टक्क्यांतही केअररचा पगार संपतो. सोशल रेंट (त्याहून कमी, सरकारी सूत्राने ठरणारं भाडं) असं नाव घेऊन मागा. आणि परवानगी मिळाल्यावर 'आता परवडत नाही' असं हिशेबाने दाखवून बिल्डर ती घरं कमी करून घ्यायला येतो, तेव्हा पॅरिशमध्ये कुणीतरी जागं असायला हवं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी नव्या वसाहतींच्या विरोधातलाच. पण तुमच्या त्या बाईंचं वाचून जरा गप्प झालो.

जुनी भाडेकरीण:

डॉर्सेटमधून लिहितेय. मी ज्या घरात राहते ते गावाच्या हद्दीबाहेर, एरवी घरांना परवानगी मिळालीच नसती अशा तुकड्यावर आहे. याला रूरल एक्सेप्शन साइट म्हणतात. शेतकरी शेतीच्या भावापेक्षा थोडी जास्त किंमत घेऊन जमीन देतो, हाउसिंग असोसिएशन (नफ्यासाठी नसलेली, घरं भाड्याने देणारी संस्था) बांधते, आणि ही घरं गावाशी नातं असलेल्यांना कायमची राखीव राहतात. खुल्या बाजाराला जमीन विकली असती तर त्याला कितीतरी पट मिळाले असते, पण खुल्या बाजारातल्या घरांना तिथे सहसा परवानगीच मिळत नाही. हे गणित आहे, उपकार नाहीत.

गावाच्या हॉलमधली सभा आठवते. एका गृहस्थांनी उठून विचारलं, इथे कसल्या प्रकारची माणसं येणार? मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्या नातवाला शाळेत रोज मीच जेवण वाढायचे. उठून सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. ते गृहस्थ आजही मला दिसले की हवामानाबद्दल बोलतात, बस.

तुमच्या कामाचं एक. घरांची गरज मोजणारी पाहणी गावात आत्ता राहणाऱ्यांकडे जाते. ज्यांना गरज होती ते घर न मिळाल्यामुळे निघून गेलेले असतात, त्यांच्यापर्यंत कागद पोचत नाही, आणि मग निकाल येतो: गरज नाही. क्लार्ककडून जास्तीच्या प्रती मागून घ्या. एक जोडीदारणीला द्या, शाळेच्या मदतनिसांना द्या, पबमध्ये ठेवा. आणि प्रश्नावलीत नाव लिहिलं म्हणजे झालं असं नाही, जोडीदारणीने काउंटीच्या हाउसिंग रजिस्टरवरही (घरासाठीच्या प्रतीक्षायादीत) नाव घालायला हवं.

आपल्यातल्या व्हिसावर असलेल्या केअरर मुलींसाठी: कागदावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीवर हक्क नाही) असेल तर या घरांचं वाटप तुम्हाला होत नाही. आशेवर राहू नका.

लगकाठची:

सगळ्यांचे आभार, विशेषतः मॅनहोलवाल्यांचे. आज पाऊस होता, शाळेजवळच्या झाकणाचा फोटो काढताना हेडबाईंनी पाहिलं आणि कशासाठी म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, माझ्याकडे असे बरेच आहेत, पाठवते.

क्लार्कला फोन केला. आमचा पॅरिश नेमलेल्या ग्रामीण भागात येतो की नाही हे त्यांनाही बघावं लागणार आहे. प्रश्नावलीच्या दहा प्रती मात्र लगेच दिल्या, वर विचारलं की समितीवर येतेस का. तरुण माणूस हवंय म्हणे. मी चव्वेचाळीसची आहे.

आकडा मी तीसपर्यंतचा लिहिलाय. एकत्र-विखुरलेलं या प्रश्नाला 'एका ठिकाणी दहा-बारा, त्यात निम्मी सोशल रेंटची, चार बैठी घरं, चालत चर्चपर्यंत जाता येईल अशा जागी' असं चौकटीबाहेर समासात लिहिलं. अक्षर इतकं बारीक झालंय की वाचणाऱ्याला भिंग लागेल.

छापील पत्रावर सही करत नाही. काकांना सांगितलं, त्यांचा चेहरा पडला. माझं वेगळं पत्र लिहितेय: त्या अर्जातली बहुतेक घरं चार बेडरूमची आहेत हा एक मुद्दा, सांडपाण्याची अट हा दुसरा. काकांना वाचायला देईन म्हटलंय. बिनं आज माझी मीच बाहेर काढली, कदाचित उगाच.

बाईंना मी प्रश्नावली वाचून दाखवली. बैठ्या घरांवर मोठी खूण केली, आणि 'त्या शेतात नको' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. कुठे मग, विचारलं तर चर्चच्या मागची सफरचंदाची बाग म्हणाल्या. ती त्यांच्याच पुतण्याची आहे आणि त्याला विकायची आहे, हे मला तेव्हा कळलं.

नकाशेवाले, एक राहिलं. जोडीदारीण गावात राहत नाही, फक्त इथे काम करते. गावाशी नातं म्हणून ते धरतात का?

नकाशेवाला:

बहुतेक ठिकाणी धरतात. त्या पॅरिशमध्ये कायमचं काम, जवळचे नातेवाईक, किंवा पूर्वी तिथे राहिलेलं असणं, यातलं एक पुरतं. नेमके निकष प्रत्येक योजनेच्या करारात लिहिलेले असतात, आणि ते लिहिले जात असताना समितीवर असलेला माणूस त्यात 'केअर' हा शब्द घालू शकतो. बागेचं पुतण्याकडून लेखी घ्या. नेबरहुड प्लॅनसाठी जागा सुचवायची मुदत असते, ती बहुधा प्रश्नावलीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असेल.